एक्स-रेच्या दोन कोपऱ्यांत

दातांचे डॉक्टर ‘ओपीजी काढून आणा’ म्हणतात आणि आपण जवळच्या सेंटरवर जाऊन तो काढून आणतो. लांबट, काळपट फिल्म. या कानापासून त्या कानापर्यंत पसरलेला जबडा आणि त्यात ओळीनं बत्तीस दात, किंवा जेवढे उरले असतील तेवढे. आपली नजर थेट दुखऱ्या दाताकडे जाते. डॉक्टरांचीही बहुतेक वेळा तिकडेच जाते, कारण त्यासाठीच तर फिल्म मागवलेली असते. अक्कलदाढ आडवी आहे का, मुळाशी पू साठलाय का, एवढं बघून झालं की फिल्म पाकिटात जाते. पण तिच्या वरच्या डाव्या आणि उजव्या कोपऱ्यात, अगदी कडेला, हाडाची दोन गोलसर टोकं दिसत असतात. खालचा जबडा कवटीला जिथे टेकतो, ते हे सांधे. डॉक्टर मंडळी त्यांना ‘टीएमजे’ म्हणतात. सगळ्या फिल्ममध्ये मला सर्वांत अद्भुत वाटतात ती हीच दोन टोकं. आणि सर्वांत अवघडही तीच, कारण ती दिसतात खरी, पण जशी आहेत तशी दिसत नाहीत.

आधी सांधा हाताला लागू दे. दोन्ही तर्जन्या कानांच्या अगदी पुढे, कानाच्या भोकावर जो छोटा मऊ पडदा असतो त्याच्या समोर, हलक्या टेकवा आणि तोंड हळूहळू उघडा. सुरुवातीला बोटाखाली काहीतरी जागच्या जागी फिरल्यासारखं वाटेल. दोन-अडीच सेंटिमीटर तोंड उघडलं की तेच ‘काहीतरी’ पुढे घसरेल आणि बोटाखाली खळगा पडेल. म्हणजे एकाच सांध्यात दोन हालचाली आहेत. आधी बिजागरीची, मग सरकण्याची. मोठी जांभई देताना जबड्याचं डोकं आपली खोबण चक्क सोडून पुढच्या उंचवट्याच्या खाली येतं आणि तोंड मिटताना मुकाट्यानं परत जागेवर जातं. गुडघ्यानं किंवा खांद्यानं असं खोबणीतून बाहेर पडायचं ठरवलं तर आपण थेट इस्पितळात जाऊ. जबडा हे दिवसभर करतो. क्वचित तो पुढेच अडकून राहतो. मग ‘जांभई देताना जबडा निखळला’ म्हणत लोक तोंड उघडं ठेवूनच दवाखाना गाठतात.

शिवाय डावा आणि उजवा असे दोन्ही सांधे एकाच हाडाच्या दोन टोकांना आहेत. एक गुडघा न वाकवता दुसरा वाकवता येतो. जबड्यात ती सोय नाही. उजवीकडे बिघाड झाला की डावीकडच्याला त्याची भरपाई करत राहावं लागतं, आणि पुष्कळदा तक्रार करतो तो भरपाई करणारा.

या सांध्याचा पूर्वेतिहास ऐकला की आणखी थक्क व्हायला होतं. सरड्याचा जबडाही कवटीला सांध्यानंच जोडलेला असतो, पण तो सांधा वेगळ्या हाडांचा आहे. आपल्या दूरच्या पूर्वजांचाही तोच होता. मग कोट्यवधी वर्षांच्या ओघात दात ज्यात बसतात ते पुढचं हाड वाढत वाढत मागे गेलं, कवटीला नव्या जागी टेकलं आणि तिथे नवा सांधा तयार झाला. जुन्या सांध्याची दोन हाडं रिकामी झाली. ती लहान होत होत कानात गेली आणि आज आपल्या मध्यकर्णात हातोडी आणि ऐरण या नावांनी काम करताहेत. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल रायकर्ट यांनी डुकराच्या गर्भांचा अभ्यास करून 1837 मध्ये या हाडांचं नातं दाखवून दिलं. पुढे मॉर्गान्युकोडॉन नावाच्या चिचुंद्रीएवढ्या प्राण्याचे सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वीचे अवशेष मिळाले. त्याच्या जबड्यात दोन्ही सांधे शेजारीशेजारी होते, जुनाही आणि नवाही! (आपल्याकडे गडचिरोलीत, सिरोंच्याजवळच्या कोटा गावावरून ज्या खडकांना नाव पडलं, त्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या थरांतही जुरासिक काळातल्या सस्तन प्राण्यांचे इवलेसे दात सापडले आहेत.) आपण चावतो तो नवा सांधा आणि ऐकतो तो जुना. दोघं आजही शेजारी आहेत. त्यांच्या मधे आहे ती फक्त कानाच्या नळीची पातळ भिंत.

म्हणूनच जबड्याचं दुखणं कानात गेल्यासारखं वाटतं. सांध्याला संवेदना पुरवणारी एक नस कानाच्या पुढच्या भागालाही संवेदना पुरवते, त्यामुळे मेंदूची फसगत होते. कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे जायचं, त्यांनी ‘कान अगदी स्वच्छ आहे’ म्हणायचं, हा अनुभव पुष्कळांना असेल. अमेरिकेतले कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी 1934 मध्ये कानाच्या अशाच तक्रारींचा संबंध जबड्याच्या सांध्याशी जोडला. त्यांनी दिलेलं कारण पुढे टिकलं नाही, पण त्यामुळे सगळ्यांचं लक्ष या सांध्याकडे वळलं.

आता हाडांकडे वळू. खालच्या जबड्याच्या वर आलेल्या टोकाला कंडाइल म्हणतात. त्याची आडवी लांबी साधारण 15 ते 20 मिलिमीटर आणि पुढून मागे जाडी 8 ते 10 मिलिमीटर. वर कवटीतली खोबण. तिचं छत काही ठिकाणी जेमतेम मिलिमीटरभर जाड असतं आणि त्याच्यापलीकडे थेट मेंदूचा कप्पा! दोन हाडांच्या मधे तंतुमय कूर्चेची एक चकती असते आणि ती जबड्याबरोबर पुढेमागे सरकते. ती जागेवरून घसरली की तोंड उघडताना ‘टक्’ असा आवाज येतो. हाडांवरचं आवरणही गुडघ्यासारख्या गुळगुळीत काचकूर्चेचं नसून तंतुमय, चिवट असतं. या सांध्याला जन्मभर जुळवून घेत राहायचं असतं, आणि या आवरणाच्या आधारावर तो ते घेतोही. दात पडले, दात किडले, एकाच बाजूनं चावायची सवय लागली, झोपेत दात खायची खोड असली, की कंडाइलचं हाड हळूहळू आपला आकार बदलतं. काही पेशी हाड खातात, काही नवं घालतात. कुठे भर पडते, कुठे झीज होते. एक्स-रेमध्ये वाचायचं असतं ते हे.

वाचायला साधन हवं. विल्हेल्म राँटगेन यांनी 8 नोव्हेंबर 1895 रोजी वुर्झबुर्गमध्ये क्ष-किरणांचा शोध लावला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी 1896 मध्ये, ब्राउनश्वाइगचे दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्याच दातांचं चित्र घेतलं. त्यासाठी ते 25 मिनिटं काच तोंडात धरून किरणांसमोर स्थिर राहिले होते. आज असं करणाऱ्याला आपण वेडाच म्हणू. दात त्या छोट्या काचेवर आले. सांधा येणं शक्यच नव्हतं, कारण तो तोंडाच्या आत नाही आणि बाहेरून किरण सोडावेत तर मधे आख्खी कवटी येते. दोन्ही कानांजवळची हाडं एकमेकांवर चढतात आणि चित्राचा काला होतो.

यातून वाट निघाली ती चित्र सरकतं ठेवून. जपानमध्ये हिसात्सुगू नुमाता यांनी 1933 च्या सुमारास संपूर्ण जबडा एकाच फिल्मवर घेण्याचा प्रयत्न केला. पण ही पद्धत खऱ्या अर्थानं उभी केली ती हेलसिंकीच्या युर्यो पाटेरो यांनी, 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून. किरण एका बारीक उभ्या फटीतून सोडायचे, नळी डोक्याच्या मागून फिरवायची आणि फिल्म समोरून उलट दिशेनं सरकवायची. दोघांचे वेग असे जुळवायचे की जबड्याच्या कमानीतला एक ठरावीक थर तेवढा फिल्मवर स्थिर उमटावा आणि त्याच्या पुढचं-मागचं सगळं पुसट होऊन विरून जावं. हे वाचून ‘बरं’ म्हणत पुढे जाऊ नका. घट्ट कवटीच्या आतून एक वक्र थर वेगळा काढून सपाट कागदावर पसरायचा, तोही संगणक नसताना, निव्वळ यंत्राच्या फिरण्यावर. या कल्पनेला दाद द्यायलाच हवी.

ओपीजी काढताना जे जे करायला लावतात, त्याचा अर्थ यातच आहे. कानातली, नथ, चमकी, मंगळसूत्र, चष्मा, कवळी, सगळं काढून ठेवायचं. हनुवटी आधारावर टेकवायची, समोरच्या दातांनी छोट्या दांडीची खाच चावून धरायची, जीभ टाळूला लावायची आणि पंधरा-वीस सेकंद हलायचं नाही. यंत्र घुरघुरत डोक्याभोवती अर्धी प्रदक्षिणा घालतं. कानातलं राहून गेलं तर ते आपल्या जागी उमटतंच, शिवाय त्याचं मोठं आणि अस्पष्ट भूत समोरच्या बाजूला, थोडं वर उमटतं. रेडिओलॉजिस्ट त्याला खरोखरच भूतप्रतिमा म्हणतात. डाव्या कानातली कुडी उजव्या बाजूच्या हाडांवर जाऊन बसली की तिथलं निदान गेलंच.

पण गोम आहे ती त्या दांडीच्या खाचेत. समोरचे दात एकासमोर एक आणून दांडी चावली की खालचा जबडा थोडा पुढे येतो आणि कंडाइल खोबणीतून किंचित खाली-पुढे सरकतं. म्हणजे फिल्मवर दिसतो तो सांधा विश्रांतीच्या जागी नसतोच. त्यामुळे ओपीजीवर कंडाइल आणि खोबणीमधलं अंतर मोजून ‘सांध्यातली गॅप कमी झाली आहे’ असं कुणी सांगितलं तर ते फारसं मनावर घेऊ नये. जी जागा यंत्रानंच बदलली, तिच्यावरून निदान कसं करणार?

दुसरी अडचण कंडाइलच्या ठेवणीची. ते चेंडूसारखं गोल नसतं, कवटीखाली आडव्या ठेवलेल्या आखूड लाटण्यासारखं असतं. तेही अगदी सरळ आडवं नाही. दोन्ही कंडाइलची आतली टोकं मागच्या बाजूला वळलेली असतात. आता लाटण्याकडे एका टोकाच्या बाजूनं पाहिलं तर काय दिसेल? फक्त टोक. मधोमध खोक पडली असली तरी ती दिसणार नाही. ओपीजीत साधारण असंच होतं. किरण तिरपे जातात, बाहेरचं टोक आणि आतलं टोक एकमेकांवर चढतात, त्यात गालाच्या हाडाची कमान आणि कवटीचा तळही मधे येतात. भरीस भर म्हणजे कंडाइल चित्राच्या कडेला असतं आणि तो स्पष्ट उमटणारा थर दातांसाठी आखलेला असतो, सांध्यासाठी नव्हे. मान थोडी वाकडी असली तरी डाव्या-उजव्या कंडाइलचे आकार वेगवेगळे दिसू लागतात. दोष यंत्राचा नाही. ते दातांसाठी बनवलंय आणि आपण त्याला सांध्याबद्दल विचारतोय.

शिवाय हाड बरंच झिजल्याशिवाय साध्या एक्स-रेवर त्याचा पत्ता लागत नाही. त्या जागेतली साधारण 30 ते 50 टक्के खनिजं गेली, की मग कुठे डोळ्याला फरक कळतो. तोवर फिल्म ‘नॉर्मल’च म्हणणार.

तरीही जाणकार त्या कोपऱ्यात बरंच काही वाचतात. निरोगी कंडाइलच्या कडेनं हाडाची एक बारीक, सलग पांढरी रेघ असते. ती कुठे तुटली, कुरतडल्यासारखी दिसली, तर ती झीज. हाड तिथे खाल्लं जातंय. पृष्ठभागाच्या खाली गोल काळा ठिपका दिसला तर ती पोकळी. कंडाइलच्या पुढच्या काठावर हाडाचं टोक बाहेर आलं असेल तर ती हाडाची नवी वाढ. सांध्यानं ताण वाटून घेण्यासाठी स्वतःच पृष्ठभाग रुंद केलेला असतो. संपूर्ण डोकं जास्तच पांढरं, दाट दिसत असेल तर आतलं जाळीदार हाड भरीव होत चाललंय. यातलं काहीही असलं की संशोधकांच्या आजच्या निकषांनुसार त्याला हाडांची झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात.

आणि इथेच मला हे शास्त्र फार समंजस वाटतं. कंडाइलचा वरचा गोलवा नुसता सपाट झाला असेल, किंवा एखाद्या छोट्या जागीच हाड दाट झालं असेल, तर निकष त्याला आजार म्हणत नाहीत. त्यासाठी वेगळा कप्पा आहे: ठरवता येत नाही. ही वयाची खूण असू शकते, वर्षानुवर्षं चावून सांध्यानं केलेली तडजोड असू शकते, किंवा झीज नुकती सुरू होत असेल. सपाट कंडाइल दिसलं म्हणून घाबरवणारे रिपोर्ट पाहिले की ही पायरी गाळली गेल्याचं लगेच कळतं.

फसवणारी ठिकाणं आणखीही आहेत. कुमारवयात कंडाइलची ती पांढरी रेघ पूर्ण झालेलीच नसते. ती बाराव्या-चौदाव्या वर्षापासून दिसू लागते आणि विशी ओलांडताना पूर्ण होते. पंधरा वर्षांच्या मुलीच्या फिल्मवर रेघ पुसट दिसली तर ती झीज नसून वाढ असू शकते. काही लोकांच्या खोबणीपुढच्या उंचवट्यात मुळातच हवेच्या निरुपद्रवी पोकळ्या असतात आणि त्या रोगासारख्या भासतात. काहींचं कंडाइल मधोमध खाच पडून दुहेरी झालेलं असतं आणि त्यांचं आयुष्यभर काहीही बिघडत नाही.

मग ओपीजीवर विश्वास ठेवायचा की नाही? याचं बरंच नेमकं उत्तर 2009 मध्ये मिळालं. अमेरिकेतल्या मिनेसोटा, वॉशिंग्टन आणि बफेलो इथल्या विद्यापीठांनी मिळून सातशेहून अधिक लोकांच्या जबड्यांची ओपीजी, एमआरआय आणि सीटी अशी तिन्ही चित्रं काढली आणि ती अनुभवी रेडिओलॉजिस्टांकडून स्वतंत्रपणे वाचून घेतली. सीटीवर हाडांची झीज स्पष्ट दिसलेल्या सांध्यांपैकी ओपीजीवर ती ओळखू आली साधारण चारातल्या एका सांध्यात. बाकीचे तीन ओपीजीनं निर्दोष ठरवले. पण उलट बाजूही पाहा. जे सांधे सीटीवर खरोखर ठीक होते, त्यांना ओपीजीनं आजारी ठरवलं असं जवळजवळ घडलंच नाही. शिवाय ओपीजीवर वाचणाऱ्यांचं आपापसात फारसं जुळत नव्हतं, सीटीवर ते पुष्कळ जुळलं.

माझ्या मते या सगळ्या विषयाचं सार इतकंच: ओपीजीवर झीज दिसली तर मानावी, न दिसली तर त्यावरून काहीच मानू नये. एवढं एक वाक्य डॉक्टर आणि पेशंट दोघांनीही लक्षात ठेवलं तर किती गोंधळ टळेल! ‘ओपीजी नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेलं नाही’ हे वाक्य दातांबद्दल ठीक आहे, सांध्याबद्दल नाही.

हाडं नीट पाहायची असतील तर आज सीबीसीटी आहे. यात किरण शंकूच्या आकारात पसरतात, यंत्र डोक्याभोवती एकदा फिरतं आणि संगणक त्या शेकडो चित्रांतून त्रिमितीय हाड उभं करतो. इटलीत व्हेरोना इथे पिएरो मोत्सो आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दंतवैद्यकासाठीच्या अशा यंत्राचं वर्णन प्रसिद्ध केलं. जवळपास त्याच सुमारास जपानमध्ये योशिनोरी अराई यांनीही असंच यंत्र तयार केलं. आता पुण्या-मुंबईतच काय, पुष्कळ जिल्ह्यांच्या गावीही सीबीसीटी होतो. त्यात मिलिमीटरच्या दशांशापर्यंतचे काप पाहता येतात. शिवाय काप कंडाइलच्या स्वतःच्या तिरपेपणाप्रमाणे घेता येतात, हे अधिक मोलाचं. ओपीजीत न दिसणारी मधोमधची खोक इथे लपत नाही.

किरणांचा हिशेब मात्र करायला हवा. एका ओपीजीतून मिळणारा डोस साधारण 10 ते 25 मायक्रोसिव्हर्ट असतो. माती, खडक, आकाश आणि अन्न यांतून आपल्याला जगाच्या सरासरीनं वर्षाला सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतच असतात, म्हणजे एक ओपीजी म्हणजे साधारण दीड ते चार दिवसांची नैसर्गिक भर. सीबीसीटीत डोस यंत्र आणि घेतलेला भाग यांनुसार काही पट ते कित्येक पट वाढतो. म्हणून नुसता ‘टक्’ आवाज येतो, दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतं, तर सीबीसीटी काढायचं कारण नाही. तो आवाज चकतीचा असतो आणि चकती कुठल्याच एक्स-रेवर दिसत नाही. ती पाहायची तर एमआरआय. याउलट तोंड उघडताना वाळू दळल्यासारखा ‘खरखर’ आवाज येत असेल, तर मात्र हाडांकडे बघायला हवं.

आता एक विचित्र गोष्ट. हाडांची झीज आणि दुखणं यांचं गणित जुळत नाही. एखाद्याचं कंडाइल निम्मं झिजलेलं असतं आणि तो मजेत हुरडा खात असतो. दुसऱ्याचं हाड चित्रात ठणठणीत असतं आणि घास चावताना त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, कारण त्याचं दुखणं सांध्याचं नसून चावण्याच्या स्नायूंचं असतं. त्याहून विशेष म्हणजे ही झीज बहुतेकदा आपोआप थांबते. काही महिने-वर्षं हाड कुरतडलं जातं, मग सांधा स्थिरावतो आणि तुटलेल्या काठावर नवी पांढरी रेघ उमटते. एका चित्रावरून झीज चालू आहे की थांबली आहे, हे सांगणं कठीण असतं. त्यासाठी जुनं चित्र लागतं. आपल्याकडे जुन्या फिल्म दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. त्या टाकू नका. तारखेसह ठेवा आणि नव्या डॉक्टरांना दाखवा. सांध्याच्या बाबतीत दहा वर्षांपूर्वीची ओपीजी आजच्या ओपीजीइतकीच बोलकी असू शकते.

तोंड उघडत नाही म्हणजे सांधाच बिघडला असंही नव्हे, आणि महाराष्ट्रात हे सांगणं भाग आहे. गुटखा, सुपारी आणि विदर्भातला खर्रा यांनी गालांच्या आतली त्वचा कडक, पांढरट होत जाते, तिच्यात दोरीसारखे पट्टे तयार होतात आणि तोंड दोन बोटंही उघडेनासं होतं. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. साध्या सुपारीवर नाही. अशा माणसाच्या ओपीजीत दोन्ही कंडाइल गोल, गुळगुळीत, निर्दोष दिसू शकतात. आजार गालात असतो आणि पुढे त्यातून कर्करोग होण्याचा धोका असतो. स्वतःची तपासणी साधी आहे. आपल्याच हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमधे जाताहेत का ते पाहा. निरोगी तोंड साधारण 40 ते 50 मिलिमीटर उघडतं.

शेवटी मुलांबद्दल, कारण उशिरा पाहिल्याची किंमत सर्वांत जास्त तीच मोजतात. मूल सायकलवरून, झोपाळ्यावरून, गच्चीच्या पायऱ्यांवरून हनुवटीवर पडतं. हनुवटी फाटते, टाके घालतात, घरी आणतात. पण हनुवटीवरचा मार हाडातून वर जाऊन कानापुढच्या नाजूक कंडाइलवर आदळलेला असतो आणि ते मोडलेलं असू शकतं. तिकडे कुणी पाहत नाही. मूल दुखतं म्हणून तोंड कमी उघडतं, सांधा हलत नाही, आत साकळलेल्या रक्ताच्या जागी हाड तयार होऊ लागतं आणि काही महिन्या-वर्षांत कंडाइल कवटीलाच चिकटतं. मग ओपीजीवर सांध्याची काळी फट गायब होते आणि तिथे नुसता पांढरा गठ्ठा दिसतो. इतका उघड बदल पाहायला सीबीसीटी लागत नाही. जबड्याची वाढ बऱ्याच अंशी या सांध्याच्या भरवशावर असल्यानं हनुवटी आखूड राहते, चेहरा एका बाजूला वाकतो, झोपेत श्वास अडकतो. मग मोठी शस्त्रक्रिया आणि त्यानंतर महिनोन्‌महिने तोंड उघडण्याचे व्यायाम. आपल्या देशात मुलांचे जबडे जखडण्याचं सर्वांत मोठं कारण असा दुर्लक्षित मारच आहे. वेळेवर कळलं तर बहुतेक मुलांत काम साधं असतं. थोडे दिवस मऊ जेवण आणि मग लवकरात लवकर जबडा हलता ठेवणं. मोडलेलं कोवळं कंडाइल पुष्कळदा आपला आकार परत घडवतं.

म्हणून मूल हनुवटीवर पडलं तर टाके घालणाऱ्या डॉक्टरांना तिथल्या तिथे विचारा: कानापुढे दाबून पाहिलंत का, तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला जातेय का, दात पूर्वीसारखे जुळताहेत का? यातल्या एकाही गोष्टीत शंका असली तर त्याच दिवशी एक्स-रे काढायला सांगा आणि महिन्याभरानं मुलाचं तोंड किती उघडतंय ते पुन्हा मोजा.